आठ अँपियर

निफाडचा पारा पाचावर उतरला त्या पहाटे
आमचा ट्रॅक्टर फक्त टक् म्हणाला.
माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे तो,
बोनेटवरचं कंपनीचं नाव उडालंय,
तीन अक्षरं उरलीत, त्यांचा अर्थ लागत नाही.
मागे ब्लोअर जोडलेला, टाकीत औषध कालवलेलं,
मण्यांत पाणी उतरायला लागलेलं,
आणि मी चावी फिरवतेय.
टक्.
टक्.

बॅटरी स्कूटीच्या पायाशी ठेवली, सुतळीनं बांधली,
आणि गुडघे फाकवून ओझरमार्गे नाशिक गाठलं.

द्वारकेच्या पहिल्या दुकानात
तळहातावर मावेल असा चार्जर, निळ्या आकड्यांचा.
"लावा आणि विसरा, मॅडम," पोरगा म्हणाला.
लावला.
नऊ व्होल्ट दिसताच त्यानं लाल अक्षरांत नकार कळवला,
पत्रिका न उघडता स्थळ परत पाठवावं तसा.
"नवीन बॅटरीच घ्या," पोरगा म्हणाला,
आणि सुतळी सोडायला मदत न करता
मोबाइलमध्ये गेला.

तांबट आळीच्या तोंडाशी श्रीहरी तांबट बसतात.
घरात पूर्वी बंब आणि घंगाळी ठोकत,
हे ट्रान्सफॉर्मर गुंडाळतात.
त्यांनी आधी बॅटरीचे कान पुसले,
हिरवी-पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुतली,
सहाही खणांत काचेची नळी बुडवून
डॉक्टर जीभ बघतात तसं बघितलं.
"पाच खण उपाशी आहेत. सहावा जरा जास्तच.
पण जीव आहे."

मग एक करडा डबा पुढे सरकवला.
"उचला."
उचलला. खांदा खाली गेला.
"तांबं आहे. हलका लागला असता तर अॅल्युमिनियम समजा,
दोन उन्हाळ्यांत वास मारतो."
वायर करंगळीएवढी जाड. चिमट्याचे दात बोटाला लागले तर रक्त काढतील.
फ्यूज बाहेरून बदलता येणारा.
आणि काटा, खराखुरा काटा,
टपरीवरच्या घड्याळासारखा थरथरणारा.
"हे सहा व्होल्टचं बटण कशाला?"
"कुणाच्या तरी घरी राजदूत असतेच."
होती. गोठ्यात. मी बोलले नाही.

"फक्त एक," तांबट म्हणाले,
"याला विसरता येत नाही.
झाकणं उघडी ठेवायची, बिडी लांब,
आठ अँपियरवर लावायचा, दर दोन तासांनी बघायचं.
नाहीतर उकळून कोरडी करील.
रात्री जागं कोण आहे तुमच्याकडे?"

मी पैसे मोजता मोजता थांबले.

आमच्याकडे आण्णा आहेत. माझे सासरे.
नाशिकरोडला नोटांच्या छापखान्यात
तीस वर्षं रातपाळी केली,
कोरे करकरीत आकडे डोळ्यांखालून घालत.
निवृत्त झाले, पण झोप काही परत आली नाही.
रात्रभर अंगणात खाकरतात,
कुत्र्याशी बोलतात, बोअरची वायर उगीच तपासतात.
आम्ही कूस बदलतो.

त्या रात्री शेडमध्ये डबा गुणगुणायला लागला,
आण्णा स्टुलावर बसले, मफलर कानांवरून,
आणि कुणी न सांगता
द्राक्षाच्या हिशोबाची वही उलटी करून
मागच्या पानावर रेघा आखल्या.

सकाळी मी ती वही वाचली.
आकडे सगळे एका उंचीचे, एका अंतरावर:

१०.००. आठ.
१२.००. सात. दोन नंबरचा खण फसफसतो.
१.५०. लाइट गेली.
२.३५. आली. काटा आपोआप जागेवर. मशीन बरं आहे.
४.००. पाच. थंडी.
५.४०. तीन. भरत आली. सहावा खण अजून मागेच आहे,
त्याला उद्याही बसवतो.
सूनबाई उठली की चहा सांगणे.

खाली सही होती.
आण्णा स्टुलावर, भिंतीला डोकं टेकून,
तोंड उघडं.
चावी माझ्या मुठीत गार पडली होती.
बागेवर अजून धुकं होतं,
औषध तसंही उजाडल्याशिवाय मारता येत नाही,
असं मी स्वतःला सांगितलं
आणि आधी चहाचं आधण ठेवलं.